क्लाइव्हने आपली म्हटलेली जोडी

शेगडीजवळची खुर्ची ओढून घे, टिली. तुम्ही तिघेही बसा. तुमचा उद्याचा बेत मघाशी माझ्या कानावर आला. वर्षभर केवळ मोबाईलवर बोललेल्या माणसांना तुम्ही गावाबाहेरच्या पबमध्ये प्रथमच भेटणार आहात. अवश्य भेटा. मात्र त्याआधी माझ्या शेजाऱ्याची, क्लाइव्ह स्टोबर्टची, हकिगत ऐकून घ्या. ती त्याने स्वतः मला सांगितली. जे त्याला ठाऊक नव्हते, ते पबच्या मालकिणीने, डोरीनने, सांगितले. माझ्या पदरचे यात काही नाही.

शनिवार, पंधरा सप्टेंबर दोन हजार अठरा. दुपारी चारच्या सुमारास क्लाइव्ह माझ्या दारात आला. त्याला माझे मोठे पातेले हवे होते.

"रेज, ते लग्नातलं पातेलं दे रे."

"कुणाचं लग्न काढलंस?"

"लग्न कसलं? लीकचं सूप. 'तीन नांगर'मध्ये आमची मंडळी जमतायत आज. डोरीनची भांडी म्हणजे बाहुलीची भातुकली."

"तुमची मंडळी म्हणजे ती मोबाईलमधली? तोंड तरी पाहिलंयस का एकाचं?"

"तोंडं काय करायचीत? लीक पाहिल्यात की."

तो हसत गेला. आपल्या पायांनी चालत गेला, हे मला आजही स्पष्ट आठवते.

आपल्याकडे लीक ही नुसती कांद्याच्या कुळातली भाजी नव्हे, हे तुम्ही जाणताच. बायकोचा वाढदिवस विसरणारा पुरुष लीकला पाणी घालायला विसरत नाही. खंदक खणायचा, रोपाभोवती नळकांडे बसवायचे, ऊन लागू न देता दांडी पांढरीशुभ्र वाढवायची आणि सप्टेंबरात सारख्यास सारखी जोडी प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायची. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात माणसे खंदकाशेजारी खुर्ची टाकून रात्र काढतात. कारण शत्रू येतो तो सुरी घेऊनच येतो.

क्लाइव्हने मोबाईलवर अशा हौशी लोकांचा गट काढला होता. गटाचे नाव 'खंदक'. तेथे कोणी खरे नाव लावत नसे. 'रविवारचा पाऊस', 'थंड चहा', 'दुसरी पाळी' अशी नावे. छायाचित्रांत फक्त लीक आणि ती धरणारे हात. तीन वर्षे ही माणसे एकमेकांशी रोज बोलत होती आणि एकमेकांना केवळ हातांवरून ओळखत होती.

त्या सर्वांत 'दुसरी पाळी' याची लीक अव्वल असे. क्लाइव्ह वीस वर्षे प्रदर्शनांतून दुसरा येत होता, आणि आता स्वतः काढलेल्या गटातही दुसराच. हे त्याला सहन होईना. आदल्या वर्षी, सप्टेंबर दोन हजार सतरामध्ये, 'दुसरी पाळी'ने आपल्या जोडीचे छायाचित्र टाकले. त्यात मागे एका चर्चचा मोडका मनोरा दिसत होता. क्लाइव्हने तो मनोरा ओळखला. शेजारच्याच गावातला होता तो. त्याच रात्री तो गाडी घेऊन गेला. राखणीची खुर्ची रिकामी होती. त्याने खंदकातली सर्व लीक मुळापाशी आडवी कापली.

सकाळी 'दुसरी पाळी'ने कापलेल्या जोडीचे छायाचित्र टाकले. खाली एकच ओळ होती: "ज्यानं कापलं त्यानं समोर येऊन एकदा सांगावं, बाकी काही नको."

क्लाइव्हने ती ओळ पुसून टाकली, 'दुसरी पाळी'ला गटातून काढले आणि इतरांना सांगितले, "रागावून गेला म्हातारा." ऑक्टोबरात स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. विल्फ्रेड टेट, वय एकोणऐंशी, निवृत्त खाणकामगार, आपल्या मळ्यातल्या खुर्चीत मृत आढळला. पत्नी आदल्याच महिन्यात वारली होती. 'दुसरी पाळी' तो हाच, आणि खुर्ची त्या रात्री का रिकामी होती, हे क्लाइव्हला तेव्हा कळले.

तरीही तो गप्प राहिला. वर्षभराने त्यानेच हे संमेलन ठरवले.

संध्याकाळी सात वाजता माणसे जमू लागली. प्रत्येकाने मागच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर आपली जोडी ठेवली आणि शेजारी नावाची चिठ्ठी पालथी घातली. परीक्षकाला नाव दिसता कामा नये, हा नियम. मग निवृत्त पोस्टमास्तर हेडली फीत घेऊन आत गेले आणि बाकीचे सर्व बाहेर बिअर घेऊन कोण कोण आहे ते ओळखू लागले.

"तू 'रविवारचा पाऊस'? मी तर तुला बाई समजत होतो."

"बायकोही समजते अधूनमधून. तू बस, पेला सांडतोयस."

यादीत बारा नावे होती. 'थंड चहा'ची गाडी बिघडल्याचा निरोप सकाळीच आला होता, म्हणजे अकरा. क्लाइव्हने मोजले तर बारा भरले. कोपऱ्यात टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. हात खिशात. कोणाशी बोलत नव्हता. 'थंड चहा'ची गाडी दुरुस्त झाली असावी, असे क्लाइव्हला वाटले. इतर प्रत्येकाला तो दुसरा कोणीतरी वाटला. बहुतेकांना एकमेकांची तोंडे ठाऊक नव्हती ना.

सव्वानऊ वाजता हेडलींनी घंटा वाजवली. सर्व आत गेले.

टेबलाच्या मध्यभागी एक जोडी होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भरेल एवढी लांब. पोटरीएवढी जाड. पांढरीशुभ्र, डाग नाही, वाक नाही. तशी लीक कोणी पाहिली नव्हती.

क्लाइव्हने आपली जोडी शोधली. ती टेबलावर कोठेच नव्हती.

हेडलींनी मधली चिठ्ठी उलटली. 'क्लाइव्ह स्टोबर्ट.' अक्षर त्याचेच. त्यानेच लिहिलेली चिठ्ठी.

"तुमचीच ना, स्टोबर्ट?"

'नाही, घोटाळा झालाय', एवढेच म्हणायचे होते. एवढे तो म्हणाला असता, तर आज मी तुम्हाला ही हकिगत सांगत बसलो नसतो. परंतु वीस वर्षे दुसरा आलेला माणूस तो.

"माझीच," क्लाइव्ह म्हणाला.

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागून आवाज आला.

"पुन्हा म्हणा. मला कमी ऐकू येतं."

टोपीवाला म्हातारा होता.

"माझीच आहे. बी टाकल्यापासून माझी."

"मग कापा," म्हातारा म्हणाला.

त्यात गैर काही नव्हते. पहिली आलेली जोडी सुपासाठी प्रथम कापायची आणि ती पिकवणाऱ्यानेच कापायची, ही रीत आहे. डोरीन पातेले ठेवून गेली. बाकीचे ताटल्या मांडायला पुढच्या खोलीत गेले. क्लाइव्हने सुरी घेतली.

"मी धरतो," म्हातारा म्हणाला. त्याने खिशातून हात काढले आणि लीकवर ठेवले.

डाव्या अंगठ्याला नख नव्हते.

तो हात क्लाइव्हने छायाचित्रांत दोन वर्षे रोज पाहिला होता.

तो हलला नाही... म्हाताराही हलला नाही. बाहेर ताटल्या वाजत होत्या. कोणीतरी ओरडले, "क्लाइव्ह, सूप यंदा मिळेल का?"

"सांगायचंय काही?" म्हाताऱ्याने विचारले. आवाजात राग नव्हता. वाट पाहणे होते.

क्लाइव्हने दाराकडे पाहिले. दार उघडे होते. दहा माणसे होती तिथे. त्याला विजेता म्हणणारी दहा माणसे.

"...नाही."

"कापा मग. त्या दिवशी अंधारात कापलीत. आज दिवा आहे."

त्याने मुळापाशी सुरी टेकवली. कापली.

डावा पाय गेला. दुखले नाही. घोट्याखाली काही उरलेच नाही, असे त्याला वाटले. त्याने टेबल धरले.

"जोडी असते," म्हातारा म्हणाला.

क्लाइव्हने पुन्हा दाराकडे पाहिले.

"अजून सांगता येईल..." म्हातारा म्हणाला.

सुरी दुसऱ्या लीकच्या मुळाशी आली. पुढे सुरी आपणहून चालली, असे तो म्हणतो. मला ते पटत नाही. सुरी आपणहून चालत नसते.

ताटली फुटल्यासारखा आवाज ऐकून डोरीन आत धावली. क्लाइव्ह जमिनीवर पडला होता. मुठीत सुरी. टेबलावर त्याची स्वतःची मनगटाएवढी, साधी जोडी, मुळापाशी आडवी कापलेली. दुसरे कोणी नव्हते. खोलीला दार एकच, आणि त्या दारातून कोणी बाहेर आलेले नव्हते.

"तो म्हातारा कुठंय?" डोरीनने विचारले.

"कोण, 'थंड चहा'?" एकजण म्हणाला.

"'थंड चहा' कार्लाइलला नर्स आहे," दुसरा म्हणाला. "तिशीतली पोरगी. माझी मावसबहीण आहे ती."



दवाखान्यात सर्व तपासण्या झाल्या. हाड शाबूत, नस शाबूत. दोन्ही घोट्यांखाली मात्र संवेदना नाही, आजतागायत नाही. त्या हिवाळ्यात क्लाइव्हने मला हे सर्व सांगितले. मी म्हटले, "विल्फ्रेडची मुलगी मॉरपेथला राहते. मी तुला गाडीतून नेतो. तिला सांग."

"सांगतो. पाय परत आले की सांगतो."

"उलटं असेल तर? सांगितल्यावर पाय येणार असतील तर?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला. त्यानंतर मी दर वर्षी सप्टेंबरात विचारतो. दर वर्षी तो खिडकीकडे वळतो.

गेल्या गुरुवारी त्याचे पाय धुणारी बाई आली नाही, म्हणून मी गेलो. सायंकाळचे सहा वाजले होते. तसराळे अर्धे भरून कोमट पाणी घेतले, त्यात त्याचे पाय ठेवले आणि पंचा आणायला आत गेलो. फार तर दोन मिनिटे लागली असतील.

परत आलो तेव्हा तसराळ्यात थेंब नव्हता.

मी जमिनीवर हात फिरवला. कोरडी होती. क्लाइव्हचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा... कसे सांगू... तहान भागल्यासारखा होता.

मी त्याचा उजवा पाय उचलून पाहिला. टाचेखाली पांढरे धागे होते, लीकच्या बुडाला मुळे असतात तसे. केसाएवढे बारीक, ओले, दाट. एक चिमटीत धरून मी हळूच ओढला.

तो आतून आलेला होता.