मोकळं स्टेअरिंग

भीमपूरच्या फाट्यावर खुशालचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, कापसाचे टेम्पो, हेच त्याचं रोजचं काम. गेल्या माघात एका सकाळी चंपतराव आपली लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोनच सीटांची, जमिनीला टेकल्यासारखी, जुनी गाडी. ते उतरले तेव्हा स्टेअरिंग ओढून ओढून त्यांचे दोन्ही दंड भरून आले होते.

गाडी सगळ्या गावाला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा भूषण हीच गाडी घेऊन पैनगंगेच्या जुन्या पुलावरून खाली गेला. शेजारी त्याची बहीण मीनल बसली होती. ती दार उघडून निघाली. तो आतच बुडाला. गाडी मागाहून वर काढून चंपतरावांनी दुरुस्त करून घेतली होती.

मीनलला यवतमाळला नोकरी लागली होती, आणि त्या दिवशी दुपारी तिला याच गाडीतून, त्याच नदीवरून सोडायचं, म्हणजे घरातली भीती एकदाची जाईल, असं चंपतरावांनी ठरवलं होतं.

"दोन तासांत करून दे," ते म्हणाले. "काऊन एवढं जड झालं, तेच समजून नाही राह्यलं."

ते गेल्यावर खुशालने आधी टायरांतली हवा पाहिली. ठीक होती. मग जॅक लावून पुढची चाकं उचलली, पण वर उचलूनही स्टेअरिंग तितकंच जड. त्याने खालचा जॉइंट सोडवला आणि चाकं हाताने फिरवली. ती अलगद फिरली. म्हणजे दोष चाकांत नव्हता. वर, स्टेअरिंगच्या दांड्यात होता.

तो पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरला. बॅटरीच्या उजेडात दांड्याला करकचून गुंडाळलेली एक चिंधी दिसली. निळ्या शर्टाची पट्टी, हळदीने माखलेली, नऊ गाठींची. एखाद्या अर्धवट मेकॅनिकची करामत असेल, असं त्याला वाटलं. त्याने ब्लेडने एकेक गाठ कापली. कापड ओलं होतं, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता. त्याने ते चहाच्या चुलीत टाकलं. जळताना ते बराच वेळ चुरचुरत राहिलं.

जॉइंट परत जोडला. आता स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं.

चालवून बघायला तो गाडी घेऊन नदीच्या रस्त्याला लागला. सरळ रस्त्यावर गाडी सुतासारखी चालली. जुन्या पुलाचा फाटा आला, आणि स्टेअरिंग त्याच्या हातात हलकेच डावीकडे वळलं. चाकं बिघडली की गाडी ओढते, ते त्याला ठाऊक होतं. ते ओढणं सारखं असतं. हे तसं नव्हतं. कुणी बोट धरून न्यावं, तसं होतं. दोन्ही हातांनी आवळून, ब्रेकवर उभं राहून त्याने गाडी थांबवली. पुढे तुटक्या कठड्यापलीकडे पाणी चकाकत होतं.

तो परतला तेव्हा भूषणची आई रेणुकाबाई मीनलला घेऊन आली होती. चंपतराव रस्त्यापलीकडे कुणाशी बोलत उभे होते. रेणुकाबाईने वाकून डॅशबोर्डखाली हात घातला. हात तिथेच थांबला.

"गाठी कुठं गेल्या?"

"जाळल्या, वहिनी. मले वाटलं…"

ती फळीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या अंगावरचा शर्ट होता तो. बांधून ठेवलं होतं मी त्याले. आता बांधायले त्याचं दुसरं काही उरलं नाही."

मीनल चुलीतल्या राखेकडे पाहत होती. "भूषणदादा रोज एकच विचारते मले," ती म्हणाली. "तू काऊन उतरली…"

खुशालने जॅक लावला, जॉइंट पुन्हा काढला आणि खिशात घातला. चंपतरावांना त्याने सांगितलं की पार्ट तुटला, परवापर्यंत गाडी हलणार नाही. धंद्यात त्याने असं खोटं कधी सांगितलं नव्हतं. चंपतरावांनी त्याचा उद्धार केला, मग रेणुकाबाईला सोबतीला देऊन मीनलला यवतमाळच्या बसमध्ये बसवलं आणि घरची वाट धरली.

बस गेली. खुशाल वळला तर गाडीची पुढची चाकं डावीकडे, नदीच्या अंगाला वळलेली होती. स्टेअरिंगशी त्यांचा आता काही संबंध नव्हता. त्याने ती हाताने सरळ केली. हात काढताच ती पुन्हा सावकाश डावीकडे गेली.

तो समोर बसून राहिला. एक धीर मात्र होता. जोवर तो ही चाकं ओढतोय, तोवर तो इथंच आहे. पोरगी नदीपलीकडे पोचेल.

पंधरा-वीस मिनिटांनी फोन वाजला. रेणुकाबाई बोलत होती, बसच्या घरघरीत, दबक्या आवाजात.

"खुशालभाऊ… ड्रायव्हर म्हणून राह्यला, स्टेअरिंग एकदम हलकं झालं म्हणे… तुमी गाडीजवळच हाय ना?"

त्याने मान वर केली. चाकं सरळ उभी होती. त्याने एकाला बोट लावलं. ते सैल फिरलं, आणि जिथं सोडलं तिथंच राहिलं.

"वहिनी, बस थांबवा," तो म्हणाला. "आत्ता थांबवा…"

पलीकडे एकदम गलका झाला. ड्रायव्हर काहीतरी ओरडत होता. आणि त्या गलक्यात, फोनच्या अगदी जवळ, मीनलचा शांत आवाज आला.

"हो दादा… बसलीच हाये मी."