आंब्याच्या खोलीतला वास

"सुकराम काका उद्या चालले," शेजारची डिंपल धापा टाकत सांगत आली. "लेकीकडे. कायमचे."

हर्षिताच्या हातातली कैरीची फोड हातातच राहिली. तिच्या मामेभावाने, गुड्डूने, मिठाची पुडी बाजूला सारली. चोरखमाऱ्याच्या तलावावर जायचा बेत जागच्या जागी बारगळला.

हर्षिता नागपूरची, पण तिचा उन्हाळा आजोळचा, कामठ्याचा. आजोबांची आमराई आणि ती राखणारे सुकराम काका हे तिच्या लेखी एकच होतं. ती अगदी लहान असताना उन्हात तिचे पाय पोळले, तर काका पळसाची पानं सालीच्या वाकाने बांधून तिला चपला करून देत. पहिला पाडाचा आंबा पिळून, चीक काढून तिच्याच हातावर ठेवत. शाळेत कधी करमेनासं झालं की ती डोळे मिटून ती पानांची चप्पल आठवायची. आता काकाच नसतील, तर इथे यायचं कोणासाठी?

"बाबूजी उगाच बोलले त्यांना," गुड्डू म्हणाला. "तेही गड्यांच्या देखत."

घडलं होतं ते असं. गुड्डूचे बाबूजी, म्हणजे हर्षिताचे ओमेश्वर मामाजी, एका शिबिरात नवी गोष्ट शिकून आले होते. पळसावर येणारी लाख शुद्ध करून तिचा पातळ लेप करायचा आणि उतरवलेले आंबे त्यात बुडवून सुकवायचे. हा लेप पोटात गेला तरी अपाय नाही. त्याने आंब्याचा श्वास मंदावतो, म्हणून तो उशिरा पिकतो आणि जास्त टिकतो. मामाजींनी खोलीभर पेट्या अशा भरल्या, आणि काल दार उघडलं तर आत भपकन वास आला. मोहाच्या दारूचा! खोलीची राखण काकांकडे. मग काय, मामाजींचा पारा चढला.

"सुकराम, खोलीत बसून पिऊन राहिला का तू?"

"नाही जी," एवढंच काका म्हणाले होते.

"काका नाही म्हणाले ना? मग नाहीच," हर्षिता उठली. "चला, वास शोधू."

खोलीत वास होताच. गुड्डू माळ्यावर चढला आणि अंगभर जाळी घेऊन उतरला. बाटली नाही, पेला नाही. डिंपलने ओसरीवरची काकांची गोधडी हुंगली.

"इथं तं कायचाच वास नाही," ती नाक मुरडत म्हणाली. "घामाचा आहे, पण तो गुड्डूचाही येते."

"ए!"

"भांडा मग," हर्षिता म्हणाली. "खिडकीकडे या आधी. वास इथे जास्त आहे."

तिने खिडकीजवळच्या पेटीतला आंबा उचलला. तो जरा जास्तच चकाकत होता. नखाने खरवडला तर सालीवरून पापुद्रा निघाला. दाराकडच्या आंब्यांवर तसं काही निघेना. गुड्डूने चाकू आणला. दाराकडचा आंबा आतून छान केशरी, घट्ट. खिडकीकडचा वरून हिरवागार, पण कापताच कोयीभोवती तपकिरी पाणी, आणि वास असा उसळला की तिघंही मागे सरकली.

"काका नाही, आंबाच पिऊन राहिला!" गुड्डू म्हणाला.

पण का? तेवढ्याच आंब्यांना काय झालं? अंगणात कुंतामामी पांढऱ्या मातीने भिंत पोतारत होती.

"मामी, त्या दिवशी आंब्यांना लेप कसा लावला गं?" हर्षिताने सहज विचारल्यासारखं केलं.

"लावला म्हणजे? भिंतीले लावते तसाच. एक हात मारला का भिंत उघडी दिसते, दुसरा मारावाच लागते. लेप उरला होता, तं तुझ्या मामानं खिडकीकडल्या पेट्या दोनदा, तीनदा बुडवल्या. म्हणे, जास्त टिकतीन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जाड लेपाखाली आंब्याचा श्वास मंदावला नव्हता, पार कोंडला होता. म्हणून तो आतल्या आत आंबला होता.

सरळ जाऊन सांगितलं असतं तर मामाजींनी उडवून लावलं असतं. म्हणून दुपारच्या चहाला, मनोहरलाल आजोबांच्या समोर, हर्षिताने फडक्यात गुंडाळलेला डबा पुढे केला.

"मामाजी, पिणारा सापडला. वास ओळखा बरं."

मामाजींनी फडक्यावरूनच हुंगलं. "हाच तो! कोण आहे? नाव सांगा, आत्ता पाहतो त्याच्याकडे!"

हर्षिताने फडकं सोडलं. डब्यात अर्धा आंबा होता. गुड्डूने शेजारी सोललेला पापुद्रा ठेवला.

आजोबांनी तो उजेडात धरला. "किती हात मारले रे, ओमेश्वर?"

मामाजींचा चेहरा उतरला. चहा तसाच टाकून ते सुकराम काकांच्या घराकडे निघाले, मागे मुलं आणि काठी टेकत आजोबा.

"चुकलो, सुकराम," मामाजी उंबऱ्यापाशी हात जोडून म्हणाले. "तो वास आंब्यांचाच होता. चाल परत."

काका शांतपणे म्हणाले, "मी नाही म्हटलं तं तुम्ही मानलं नाही. आंब्यानं सांगतलं तं मानलं."

मामाजी खाली मान घालून उभे राहिले. हर्षिताला वाटलं, संपलं सगळं.

आजोबा पुढे आले. त्यांनी मुलांवरून हात फिरवला. "ओमेश्वरनं नाही मानलं, सुकराम. पण ह्या पोट्ट्यांनी आंबा कापायच्या आधीच तुझं मानलं होतं. आमच्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांच्यासाठी तरी चाल."

काकांनी एकेकाकडे पाहिलं. हर्षिताला रडू फुटलं होतं आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

"रडून कायले राहिली, बाई?" म्हणत त्यांनी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसलं आणि पायात वहाणा सरकवल्या.