बावीस घरांतला गणिताचा तास

"दोन छेद पाच!" अर्पितानं ठणकावून सांगितलं, आणि मंठ्यातल्या भाड्याच्या खोलीत फोनसमोर बसलेल्या अक्षता मॅडमनी कपाळाला हात लावला.

कोरोनात शाळा दुसऱ्यांदा बंद पडल्या, त्या मार्चातली ही गोष्ट. पाचवीची बावीस लेकरं, बावीस घरं. फोन काय लेकरांचे थोडेच? कुणाच्या बापाचा, कुणाच्या आजोबाचा. म्हणून मॅडम शिकवायच्या लेकरांना, अन् ऐकायचं अख्खं घर.

"अर्ध्या भाकरीत एक तृतीयांश भाकर मिळवली गं, मग ती अर्ध्याहून कमी कशी झाली?" अक्षता म्हणाली. "आणि मागून उत्तर कोण सांगतंय?"

पडद्यावर एक सावळा, ओशाळलेला चेहरा आडवा झाला. "मी... सुमित. अर्पिताचा काका."

नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, अन् लॉकडाऊनमुळं गावी आलेला.

"वरच्यात वरचा अन् खालच्यात खालचा मिळवलात ना? छेद समान कोण करणार?"

"करतो की मॅडम... ते नेट अडकून राह्यलं जरा."

नेट कसलं अडकतंय! अडकला होता तो. दुसऱ्या दिवशी तास संपला, लेकरं एकेक करून गेली, तरी हा फोन चालूच. सुमितनं ताटात खरीखुरी भाकर घेतली, तिचे सहा तुकडे केले. "हे तीन म्हंजी अर्धी. हे दोन म्हंजी एक तृतीयांश. पाच छेद सहा. बराबर?"

"बरोबर. आणि उरलेला तुकडा?"

"तो मॅडमचा. मंठ्याला आणून देऊ?"

"गार भाकर कोण खातं?" असं म्हणून अक्षतानं फोन ठेवला, आणि मग कितीतरी वेळ एकटीच हसत बसली.

मग रोज बोलणं सुरू झालं. एप्रिलात त्यानं सरळच विचारलं, "लग्न करता का माझ्याशी?" हिच्या ओठावर हो आलेलं. पण बाईसाहेब म्हणाल्या, "लेकरांच्या चाचण्या होऊ द्या... मग सांगते." अगं, तेवढं म्हणायला काय जात होतं? पण वेळ कुठं पळून जाते, असं तिला वाटलं.

वेळ पळाली नाही, फिरली. सुमितचा थोरला भाऊ बद्रीनाथ, म्हणजे अर्पिताचा बाप, तापानं फणफणला. जालन्याच्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि आठव्या दिवशी माणूसच गेला. तोंडसुद्धा कुणाला बघू दिलं नाही. दहाव्याला सुमितनं डोकं भादरलं, आणि त्याच दिवशी भावकी बसली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "वहिनीचं अन् माझं लावून द्यायचं म्हणतेत... लेकरू उघडं पडंल, घरचं घरातच राहू द्या, असं म्हणून राह्यलेत बाबा. अर्पिताकडं बघितलं की माझं तोंडच उघडत न्हाई, अक्षता."

त्याच्यावर ओरडावं, रडावं, असं तिला खूप वाटलं. पण आधीच दुःखात बुडालेल्या माणसावर कसं ओरडायचं? ती एवढंच म्हणाली, "वहिनींना विचारलं का कुणी?"

"न्हाई," तो म्हणाला, "कुणीच न्हाई विचारलं."

"मग तुम्ही विचारा. त्या हो म्हणाल्या, तर मी पुन्हा फोन करणार नाही."

चार दिवस काहीच कळलं नाही. ना फोन, ना निरोप. पाचव्या दिवशी अपूर्णांकांची वजाबाकी चालू असताना अर्पिताचा चौकोन उघडला. पण समोर लेकरू नव्हतं. मोकळ्या कपाळाची एक बाई बसली होती. मागं सुमित उभा, अन् त्याच्यामागं बाजेवर सासरा तातेराव.

"मी वंदना. अर्पिताची आई."

अक्षताचं बोट माईक बंद करायला गेलं.

"राहू द्या मॅडम. समद्या घरांत भावकीच बसलीय, ऐकू द्या." वंदनाचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मामंजींनी माझं भलंच बघितलं. पण मी ह्या घरात आले तवा भाऊजी आठवीत होते. लेकरासारखं जेवू घातलंय मी त्यांना. त्यांच्या नावाचं कुंकू मी लावणार न्हाई. माझं माणूस गेलं, मी अन् माझी पोरगी बघून घेऊ. आता तुम्ही सांगा. भाऊजी म्हणले, मॅडमनी अजून हो म्हणलंच न्हाई."

तातेराव खाकरले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सुनेकडं बघून मान खाली घातली.

बावीस चौकोन अक्षताकडं बघत होते. ह्याच एका शब्दासाठी तिनं चाचण्यांचं निमित्त केलं होतं, आणि तेवढ्यात एक घर उद्ध्वस्त झालं होतं.

"हो," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "मला सुमितशीच लग्न करायचंय. आधीच सांगायला पायजे होतं."

"मॅडम, हे वहीत लिहायचं का?" कुठल्याशा चौकोनातून एका पोरानं विचारलं. कुणी हसलं नाही.

सुमित मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. भाऊ गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वंदनानं त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला, अन् मग तीही रडली. बावीसपैकी एकाही घरानं फोन ठेवला नाही.