गुरुवारची शहाणी तबकडी

"नेट तुटलं! लिही, लिही! अकरा वाजून बारा मिनिटं!" टॅबलेट डोक्यावर धरून सुजित ओरडला.

"अरे, पेशंट बसलेत बाहेर!" योगिनीने वहीत वेळ टिपली. "पुनम, उपग्रह कुठं होता?"

पुनम पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती. उपग्रहांचा माग दाखवणारी वेबसाइट तिने उघडली होती. "उत्तरंला. परत उत्तरंलाच की गं!"

दिवाळीची सुट्टी लागल्या लागल्या योगिनी आणि तिचा धाकटा भाऊ सुजित चिखलीहून चाकणजवळच्या गावी, सुमनमावशीकडे आले होते. मावशी तिथल्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. पुनम शेजारच्याच घरातली. तिघांचा बेत होता उपकेंद्राच्या अंगणात झकास किल्ला करायचा. पण मातीचा ढीग कोपऱ्यात तसाच पडला होता आणि ही मंडळी वही घेऊन आकाशाच्या मागे लागली होती!

त्याला कारणही तसंच होतं. रस्त्याच्या खोदकामात इथली इंटरनेटची केबल सारखी तुटायची. म्हणून उपकेंद्राच्या पोर्चवर पाटाएवढी चपटी तबकडी बसवून उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची चाचणी सुरू होती. मावशी त्यावरून गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची शहरातल्या डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. डॉक्टर गोळीचं नाव सांगू लागले की नेमका तेव्हाच पडदा गोठायचा.

आणि त्याचं खापर फुटलं होतं योगिनीच्या बाबांच्या डोक्यावर. बाबा, म्हणजे भैरू, कंत्राटदाराकडे वायरमन होते. तबकडीची वायर त्यांनीच ओढली होती. रविराज साहेब नावाचे इंजिनिअर दर गुरुवारी तपासणीला येत. त्यांच्यासमोर तबकडी कशी शहाण्या मुलासारखी वागायची! "यंत्र उत्तम आहे," साहेब म्हणत. "भैरूचे जोड कच्चे असणार." येता गुरुवार शेवटचा. त्या दिवशी साहेबांनी हेच लिहून दिलं की बाबांचं काम सुटणार होतं.

मागच्या गुरुवारी बाबांनी एकूण एक जोड सोडून पुन्हा बांधला होता. "बारा वर्षं वायरी जोडतोय, लेकरा," ते हळूच म्हणाले होते. "आता हात चुकायला लागला की काय?" क्षणभर योगिनीलाही तसंच वाटून गेलं होतं. त्याची तिला फार लाज वाटत होती. म्हणून तर ही वही!

"पण उपग्रहाचा आणि तुटण्याचा काय संबंध?" सुजितने विचारलं. "आपल्या टीव्हीची छत्री तर कधी तुटत नाही."

"ती एकाच उपग्रहाकडे बघत बसते. तो लांब असतो आणि इथून पाहिलं तर जागचा हलत नाही," योगिनी म्हणाली. "हे उपग्रह जवळून जातात, सुसाट! चार-पाच मिनिटांत डोक्यावरून पसार. तबकडी जागची हलत नाही, पण तिची नजर त्यांच्यामागे फिरते. एक गेला की लगेच दुसरा पकडायचा. हा ताफा नवा आहे, त्यात उपग्रह अजून थोडे. एका वेळी एखाददुसराच वर असतो."

"म्हंजी खो-खोच की!" पुनमचे डोळे चमकले. "आन खो द्यायच्या जागी कुणी आडवं आलं तर?"

तिघं धावत जाऊन उत्तरेकडे बघून आली. झाड नाही, खांब नाही, तारा नाहीत. कुंपणाची भिंत, पलीकडे रस्ता आणि कंपनीचं गेट उघडायची वाट बघत उभे असलेले रोजचे ट्रेलर. झालं! तिघांची तोंडं एवढीशी झाली.

गुरुवार उजाडला. सकाळी आठपासून वहीचं पान कोरंच होतं.

"आज काही मजा नाही," सुजित कंटाळून म्हणाला. "एकदाही तुटलं नाही!"

"रस्ता पण कसा सुनासुना हाय," पुनम म्हणाली. "कंपन्यांना गुरुवारची सुट्टी न्हवं का आज."

योगिनीची पेन्सिल थांबली.

"रविराज साहेब गुरुवारीच का येतात गं?"

"चौकात गाड्यांची कोंडी नसती म्हणून. तेच म्हणत होते मावशीला."

"आणि ट्रेलर कधी नसतात?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "गुरुवारी!"

आपण जागचं न हलणारं काहीतरी शोधत बसलो, हे योगिनीला आता कळलं. उत्तरेला उतरणाऱ्या उपग्रहाला आडवा येणाऱ्या रोजच्या ट्रेलरकडे कुणी बघतच नव्हतं. घड्याळात साडेअकरा वाजले होते. साहेब येणार बाराला. आणि त्यांना दाखवायला रस्त्यावर औषधालाही ट्रेलर नव्हता!

"माझा चुलता!" पुनम ओरडली आणि पळत सुटली.

दत्तोबाकाका ट्रेलर चालवायचे. सुट्टी म्हणून ते बाजेवर आडवे झाले होते. भरला कंटेनर लादलेला त्यांचा ट्रेलर गावच्या मैदानात उभा होता. "आगं, एक दिस टायरलाबी आराम पायजे का न्हाई?" ते कुरकुरले. पण सगळी हकीकत ऐकली आणि चावी घेऊन उठले.

बाराला साहेब आले. बाबा हत्यारांची पिशवी धरून कोपऱ्यात उभे होते. पुनमची आजी कुशाबाई टॅबलेटवर डॉक्टरांशी बोलत होती.

"बघा, किती सुरळीत चाललंय!" साहेबांनी पेन काढलं. "तेव्हा भैरू, तुमचे जोड..."

"साहेब, थोडा वेळ थांबा!" योगिनी पुढे झाली. तिने ओढणी वर करून हलवली. घरघर करत ट्रेलर आला आणि भिंतीलगत, रोजच्या जागी उभा राहिला. पोर्चपेक्षा कितीतरी उंच!

एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेब घड्याळ बघू लागले. आणि डॉक्टरांचं तोंड उघडंच्या उघडं गोठलं!

ओढणी खाली आली. ट्रेलर हलला. डॉक्टर पुन्हा बोलू लागले.

"योगायोग असेल," साहेब म्हणाले.

"मग परत बघू!" ट्रेलर पुन्हा जागेवर आला. योगिनीची नजर आता मोबाइलवर होती. "साहेब, उपग्रह उत्तरेला उतरतोय. एका मिनिटात तुटेल."

मिनिट भरलं आणि तुटलं!

साहेबांनी वही मागितली. पान अन् पान वाचलं. मग जरा चिडूनच विचारलं, "पण तबकडी एवढ्या खाली, पोर्चवर बसवायला सांगितली कुणी?"

"तुम्हीच, साहेब," बाबा शांतपणे म्हणाले. "पाण्याच्या टाकीवर चढायला शिडी नव्हती तेव्हा."

सुजितला हसू आवरेना. मावशीने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण तिचे ओठही हलत होते.

साहेब मात्र खरंच ओशाळले. "चुकलो मी, भैरू. कोंडी टाळायला गुरुवारी येत राहिलो आणि दोष तुमच्या माथी मारला." अहवालाला जोडायला त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढले, खाली तिघांची नावं लिहून घेतली. दत्तोबाकाकांनी शिडी आणली आणि संध्याकाळपर्यंत बाबांनी तबकडी टाकीवर चढवली.

शुक्रवारी भिंतीलगत ट्रेलरची रांग लागली होती. कुशाबाई डॉक्टरांशी पंधरा मिनिटं बोलली. "आज डागदर मधीच पळाला न्हाई गं!" तिने तिन्ही पोरांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लई गुणाची लेकरं!"

संध्याकाळी बाबा पोरांना भेटायला आले, तेव्हा किल्ला एकदाचा आकार घेत होता. तेही मातीत बसले.

"योगिनी, खरं सांग. माझाच जोड कच्चा असेल, असं वाटलं होतं तुला?"

योगिनी बुरूज थापत राहिली. "एकदा वाटलं होतं, बाबा."

"मलाही," बाबा म्हणाले. "पण तू वही काढलीस. मी आपला तेच जोड सोडून बांधत बसलो."

मग त्यांनी खिशातून तारेचा तुकडा काढला आणि किल्ल्याचा पुठ्ठ्याचा दरवाजा दोन काड्यांना बांधला.

"ओढून बघ."

तिने ओढून पाहिलं. जोड पक्का होता.