परतीचे चार मुक्काम

ठरवा, ठरवा. थांबायची ठिकाणं आधी ठरवलेली बरी. नाहीतर भूक लागली की माणूस कुठेही गाडी उभी करतो. मी मध्ये बोलणार नाही. फक्त तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि खोल्यांसाठीचे फोन आज रात्री नका करू. सकाळी करा.

का म्हणजे? ऐका मग. ही माझ्या मावसभावाची गोष्ट. त्याच्या तोंडून ऐकली, मग वहिनीच्या तोंडून. दोघांना वेगवेगळं बसवून ऐकली. एका अक्षराचा फरक पडला नाही.

त्याचं गाड्यांच्या काचा बसवायचं दुकान, म्हणून सगळे त्याला काचेदादा म्हणायचे. रोज हातात काच धरणारा माणूस, त्याला घाई अशी ठाऊकच नव्हती. बाजारात जायचं तरी दोन रस्त्यांचा विचार करायचा. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडे गेलेली, तिचं पहिलं बाळंतपण डिसेंबरात. वहिनीच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे विमान बंद. मग गाडीनेच जायचं ठरलं. अकराशे किलोमीटर, पाच दिवस, आणि जाताजाता चार गोष्टी बघून घ्यायच्या. उभ्या आयुष्यात दोघं कुठे म्हणून गेले नव्हते.

त्याने महिनाभर खपून वही भरली होती. पहिला मुक्काम जुन्या दगडी पुलापाशी. दुसरा काचेच्या भट्ट्यांच्या गावात. तो त्याने स्वतःच्या हौसेसाठी घातला होता. मग सीमा. पलीकडे तिसरा मुक्काम मिठाच्या सरोवराकाठी आणि चौथा गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. तिथून लेकीचं घर अर्ध्या दिवसावर. लघवीला कुठे थांबायचं तेसुद्धा लिहिलेलं. वहिनी म्हणायची, यांनी शिंकांच्या जागा तेवढ्या ठरवायच्या ठेवल्यात.

बावीस नोव्हेंबर, शुक्रवार. जेवणं आटोपली, टेबल पुसलं, त्यावर नकाशा पसरला. आठ वाजून दहा मिनिटांनी दादाने पहिला फोन लावला. झऱ्यांपाशी गर्दी असते, तिथली खोली आधी धरा, असं लेकीने बजावलं होतं. म्हणून त्याने लांबच्या टोकापासून सुरुवात केली.

तिथल्या बाईने नाव लिहून घेतलं, गाडीचा नंबर लिहून घेतला. मग तिने विचारलं, इतक्यात परत येताय का? दादा म्हणाला, अहो, पहिल्यांदाच येतोय. तर ती म्हणाली, हाच नंबर, हेच नाव. एकोणीस तारखेला मुक्काम करून वीसला सकाळी गेलात की तुम्ही. आवाजसुद्धा हाच.

दादा हसला. नोंदवहीत काहीतरी घोळ झाला असेल, म्हणाला. खोली धरली आणि फोन ठेवला.

दुसरा फोन सरोवराकाठी. उचलणारा म्हातारा होता, तुटक बोलणारा. नंबर ऐकून तो म्हणाला, तुमची ती खोली रिकामीच आहे, तीच देतो. वीस तारखेला तुम्ही त्याच खोलीत होतात. दादाने विचारलं, किती माणसं होती?

"एकटेच होतात," म्हातारा म्हणाला. "पण ताटं दोन मागवलीत. दुसऱ्याला कोणी हात लावला नाही. आम्ही काही विचारलं नाही."

वहिनी समोरच बसली होती. फोनचा आवाज मोठा ठेवलेला. तिने नकाशाचा वर आलेला कोपरा बोटाने दाबून धरला.

दादाचं म्हणणं, कोणीतरी आपल्या गाडीचा नंबर चोरलाय. असं होतं हल्ली. खोटी पाटी लावून फिरतात, दंड आपल्या माथी. सकाळी चौकीत जाऊन कळवू. तरी त्याने विजेरी घेतली आणि शेडमध्ये जाऊन आला. गाडी जागेवर होती. वर कापड घातलेलं, बॉनेट थंडगार. आत येऊन त्याने लेकीला फोन केला, उगाच, सहज केल्यासारखा. ती मजेत होती. जेवत होती. कोणी आलं होतं का विचारलं, तर म्हणाली, कोण येणार?

तिसरा फोन काचेच्या गावात. सीमेच्या अलीकडे.

तिथला पोरगेला मॅनेजर म्हणाला, साहेब, काही विसरलात का? आज सकाळीच तर निघालात.

दादाने नकाशाकडे पाहिलं. एकोणीसला झरे. वीसला सरोवर. एकवीसला काचेचं गाव. त्याचेच मुक्काम. त्यानेच ठरवलेले, त्याच अंतरांनी. फक्त उलटे.

लेकीच्या गावाकडून... घराकडे.

चौथा नंबर लावू नका, वहिनी म्हणाली. त्याने लावला. न लावून राहवेना. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. पुलापाशी एका नवराबायकोची खानावळ होती, वर दोन खोल्या. बाईने फोन उचलला. हो, आले होते, म्हणाली. राहिले नाहीत. दोन ताटं घेतली, एकाला शिवले नाहीत. आत्ताच पंधरा मिनिटांपूर्वी निघाले.

 दादाने विचारलं, कुठे जातो म्हणाले?

"घरी," बाई म्हणाली. "बायको पुढे गेलीय म्हणाले. ती पोचली असेल."

पुलापासून घर एकशे साठ किलोमीटर. रात्रीचा रस्ता, तीन तास. दादाने मनातल्या मनात हिशेब केला. वहिनीनेही केला असणार. 

शेजाऱ्यांना उठवावं, असं मनात आलं. पण सांगणार काय? मी येतोय, मला वाचवा?

त्याने दाराला वरचा बोल्ट लावला, खालचा लावला. खिडक्या लावल्या. दिवे बंद केले. दोघं बाहेरच्या खोलीतच बसून राहिले. दहा वाजले. अकरा वाजले. वहिनी मध्येच एकदा म्हणाली, चार दिवस एकटा चालवत आलाय. दमला असेल. दादा म्हणतो, पुढे जे झालं त्याहूनही त्याला त्या वाक्याची भीती जास्त वाटली.

बारा वाजून चार मिनिटांनी गाडी आली.

इंजिन त्याच्या ओळखीचं. चढावर दुसऱ्या गिअरला जी घरघर व्हायची, तीच. फाटकाशी थांबली. दादाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पाटी दिसली. नंबर दिसला. पुढची काच धुळीने माखलेली, फक्त वायपरचे दोन अर्धगोल स्वच्छ. आत एकच माणूस. दिवे विझले.

बराच वेळ तो माणूस गाडीतच बसून होता.

मग दार उघडल्याचा आवाज... एकच दार.

फाटक. पायऱ्या. पायपुसण्यावर चपला घासल्याचा आवाज. तीन वेळा. दादा तशाच घासतो. तीनच वेळा.

कुलपात किल्ली फिरली.

फिरली. लागली. दार आतल्या बोल्टांवर येऊन अडलं. पुन्हा ढकललं. जोर नव्हता त्यात. घरच्या माणसाने दार ढकलावं, तसं.



मग दाराच्या फटीला तोंड लावून कोणीतरी हळूच बोललं. आवाज दादाचा.

"पोचलीस का गं?"

वहिनी उठली. दादाने दंड धरला, तरी ती उठली. नंतर मी तिला विचारलं, का उठलीस? म्हणाली, इतक्या काळजीने त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. ओठांवर 'हो' आला होता माझ्या.

दादाने तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. ती श्वास घेत होती, तो तळव्याला लागत होता.

"पोचलीस ना?"

...

"गं?"

...

आणखी काही नाही. पाऊल वाजलं नाही. गाडी सुरू झाली नाही. हात तसाच ठेवून दोघं उजाडेपर्यंत बसले.

सकाळी बाहेर काहीही नव्हतं. फाटकाला आतून कडी होती. शेडमधली गाडी कोरडी, स्वच्छ. दादाने त्याच आठवड्यात ती विकून टाकली, मिळेल त्या किमतीला. प्रवास रद्द केला. वहिनी लेकीपाशी फोनवर रडली, पण कारण सांगितलं नाही. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. पाच महिन्यांचा झाल्यावर लेकच त्याला घेऊन आली. दोघं आज धडधाकट आहेत. वहिनी हसते, बोलते, माझी चेष्टा करते. रात्री कोणी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देत नाही, एवढंच.

गेल्या वर्षी नातवाकडे जायचं ठरलं. या वेळी आगगाडीने. सीमेपलीकडे जायच्या परवान्याच्या कचेरीत त्यांच्यासोबत मी होतो, माझ्या ओळखीचा माणूस तिथे आहे म्हणून. पासपोर्ट त्या प्रवासासाठी काढलेले. एकदाही न वापरलेले. खिडकीतल्या बाईंनी दादाचा चाळला. शिक्के होते. सीमेबाहेर गेल्याचा, त्या वर्षीच्या चौदा नोव्हेंबरचा. परत आल्याचा, एकवीस नोव्हेंबरचा. चौदा तारखेला दादा दुकानात होता. माझ्याच गाडीची मागची काच बसवत होता.

मग त्यांनी वहिनीचा उघडला. पान उलटलं. पुन्हा मागे उलटलं. चष्मा काढून वहिनीकडे पाहिलं.

"बाई, इथे फक्त गेल्याचा शिक्का आहे."

मी स्वतः वाकून पाहिला. जांभळी शाई, चौदा नोव्हेंबर, स्पष्ट उमटलेला. शेजारची जागा कोरी होती.