बाजाराचे खडे

चौसाळ्याच्या शिवारात सुग्रीव मुकादमाच्या विहिरीचा गाळ काढताना मंगलची हाडं निघाली. जोडव्यांवरून ओळख पटली. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा अजिनाथ कोठडीत गेला आणि त्याची बहीण दिपाली बीडला, वर्षाराणी या खासगी तपासनीस बाईंकडे आली.

"वहिनी गेली त्याला चार वर्षं झाली. तवा दादा परळीला थर्मलच्या राखेच्या ट्रकवर होता. पोलीस म्हणत्यात, दोनच वर्षं झाली."

"तक्रार कधी केलीत?"

"केलीच न्हाई. गाव म्हणालं, पळून गेली. अब्रूपायी दादा गप बसला."

डॉक्टरांच्या मते हाडं दोन ते पाच वर्षांची होती. मग पोलिसांनी माठ मोजला. मंगलची सासू भिवराबाई दर बाजाराला चौसाळ्यात सुनेला शोधायची आणि येताना एक खडा आणून माठात टाकायची. मागच्या महिन्यात ती वारली. माठात एकशे चार खडे होते.

"वर्षाचे बाजार बावन्न," निवृत्त हवालदार भागवतराव म्हणाले. ते बाईंचे सहकारी, हिशोबाला पक्के. "म्हणजे दोन वर्षं. बाई, आपला माणूस थापा मारतोय."

दोघं गावात पोचले तेव्हा सुग्रीवही चौकशीसाठी आला होता. तीन वर्षांमागं शेत अजिनाथला बटईनं देऊन तो कर्नाटकात गेला होता.

"दोन वर्षांमागं मी इथं नव्हतोच. विहीर अजिनाथच्या ताब्यात. आन् म्हातारीचे खडे खोटं बोलतील का? लई सरळ बाई. धा वर्षं माझ्याच टोळीत होती."

शेजारीण छबुबाई डोळे पुसत म्हणाली, "बाजार चुकवायची न्हाई. गावात असली की तापातबी जायची."

"गावात असली की?"

"दिवाळी झाली की आमी समदे ऊस तोडायला, आदी सुग्रीवच्या टोळीत, आता दुसऱ्याच्या. सा महिने तिकडंच. म्हातारी औंदाबी आलती, भाकरी थापायला."

वर्षाराणी उठल्या. तासाभरात फौजदारांना घेऊन त्या सुग्रीवच्या ओट्यावर होत्या.

"भागवतराव, सहा महिने बाई परमुलखात. मग वर्षाला चौसाळ्याचे बाजार किती?"

भागवतरावांचा चेहरा उतरला. "सव्वीस. म्हणजे चार वर्षं."

"चार वर्षांमागं अजिनाथ परळीला, आणि शेत, विहीर या मुकादमाकडे. बावन्ननं भागायची चूक आपण करू, पोलीस करतील. पण सुग्रीव, म्हातारीला ट्रकमध्ये घालून उसाच्या फडावर नेणारा तू. खडे अर्ध्याच वर्षाचे आहेत हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन वर्षं म्हणालास. का?"

फौजदारांनी दंडाला धरलं तेव्हा सुग्रीव बोलला. "मंगल टोळीपुढं माझं नाव घेणार होती. मी तिला छेडलं होतं."

त्यानंतरही म्हातारीनं एक हंगाम त्याच्याच टोळीत भाकरी थापल्या होत्या. वर्षाराणींना त्याच्याकडे बघवेना.

सुटल्यावर अजिनाथ घरी न जाता रस्त्याकडेला बसून खडे वेचू लागला.

"आई सांगायची, मंगल पळणारी न्हाई. मी चार वर्षं तिला शिव्या दिल्या. आई फडात होती तवाचे खडे ऱ्हायलेत."

भागवतराव शेजारी बसले. "किती लागतील, मी मोजतो."

"नका मोजू," अजिनाथ म्हणाला.