पुढची तार

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो अंगणात ट्रेलरवरच्या होडीची डोलकाठी पुसत होता. ती बरी झाली की दोघं बेटावर जाणार होती. मागच्या खेपेला तिने तिथे दगडांच्या आडोशाला आपली केटली ठेवली होती. "कशाला ओझं वागवायचं? पुढच्या वेळी लागेलच," म्हणाली होती.

आता ती केटली आणायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पण डोलकाठी उभी करायला दोन माणसं लागायची. बायको काठीच्या शेंड्यापासून होडीच्या टोकाकडे येणारी पुढची तार ओढून धरायची, "धरलंय!" म्हणायची, मग तो टोकावरच्या कडीत बोल्ट घालायचा. आता कोण धरणार? त्याने पुढे कप्पी बसवली, बोल्ट काढला आणि झटकन अडकणारा आकडा लावला. काठी त्याने एकट्याने उभी केली.

निघताना मेहुणी हट्टाने होडीत येऊन बसली.

"तुम्ही एकटे गेलात तर परत याल याचा मला भरवसा नाही, भाऊजी."

"मग सुकाणू धर. आणि बडबड कमी कर."

"ते ताईला तरी कुठे जमलं?"

बेट समोर दिसू लागलं आणि वारा चढला. लाटांचे माथे पांढरे झाले. होडी आपटायची, शीड फडफडायचं आणि दर वेळी पुढची तार सैल पडायची. त्याची नजर आकड्यावर गेली. तार सैल पडली तरी बोल्ट जागा सोडत नाही. आकडा मात्र ताणावरच टिकतो! अंगणात हे कसं सुचलं नाही?

खट्!

आकडा सुटला. तार चाबकासारखी फिरली. डोलकाठी करकरत मागे झुकली, थेट मेहुणीच्या डोक्यावर!

"वळव! वारा पाठीवर घे!"

"अहो, पण बेट?"

"मरू दे बेट! वळव!"

होडी वळली. वारा मागून आला, तशी काठी पुढे रेलली आणि बाजूच्या तारांनी तिला कसंबसं पेललं. आता एखादी लाट आडवी आली की सगळं संपलं! काठीच्या शेंड्यावरून येणारा लहान शिडाचा मोकळा दोर दातात धरून तो पोटावर सरपटत होडीच्या टोकाकडे निघाला. नाकातोंडात पाणी गेलं. बोटं बधिर झाली. कडी सापडेना! सापडली. दोर ओवला. पण गाठ मारायला दोन्ही हात हवेत, आणि एक हात होडीला घट्ट धरून होता. तो सोडला आणि होडी जरा जरी वाकडी झाली, तर तो पाण्यात!

"धरलंस का?" तो ओरडला. सवयीनेच.

मागून आवाज आला, "धरलंय!"

त्याने हात सोडला.

गाठ बसली. त्याने काठीच्या बुडाशी येऊन दोर ताणला. काठी उभी राहिली. बेट मागे लहान होत गेलं. दोघांपैकी कोणीच वळून पाहिलं नाही.

किनाऱ्याला लागल्यावर मेहुणीचे दात वाजत होते. "भाऊजी, जुना बोल्ट आहे ना अजून?"

"डब्यात आहे."

"मग तार मी धरीन."

आकडा त्याने त्याच दिवशी काढला. बोल्ट अजून बसवायचा आहे. केटली बेटावरच आहे.